मागच्या चाकाचा नट

आमच्या दारात लिंबाखाली एक पांढरी मोटार उभी आहे. गोल डोक्याची, पूर्वी पुढाऱ्यांकडं असायची तसली. माझ्या नवऱ्यानं ती भंगारातून ओढत आणली होती आणि दोन पावसाळे तिच्याखाली झोपून चालू केली होती. तो गेला, गाडी राहिली. आता तिला लग्नसराईतच काय ते विचारतात. नवरदेवांना हल्ली जुन्या गाडीतून मिरवायची हौस आली आहे. टपावर झेंडूच्या माळा सोडायच्या, मागं डीजे लावायचा आणि पायी चालणाऱ्यापेक्षा हळू जायचं. माझा मुलगा दत्ता ती भाड्यानं देतो. गॅरेज पण तोच बघतो, चौसाळ्यात जुन्या रस्त्यावर. नवा हायवे बाहेरून गेला, तेव्हापासून जुन्या रस्त्यावर कुत्री झोपतात.

यंदा वैशाखात वडवणीच्या एका लग्नाला गाडी ठरली होती. आदल्या दिवशी सकाळी दत्तानं पाहिलं तर मागच्या चाकातून ऑइल गळून खाली डाग पडलेला. ते ऑइल ब्रेकवर गेलं की ब्रेक लागत नाही. ते थांबवायचं तर चाकाच्या मधला मोठा नट खोलून सगळं बाहेर काढावं लागतं. तो नट खुलेना.

असा नट मी जन्मभर पाहिला आहे. गंज लोखंडाला खात नाही फक्त, चिकटवतो. नट कुठं संपला आणि दांडा कुठं सुरू झाला हे बोटानं कळत नाही. पूर्वी अशा नटावर रॉकेल सोडायचे. गंजावर रॉकेल पडलं की ओल्या मातीत नाणं पुरून काढावं तसा वास यायचा, आणि तो माझ्या लुगड्यांना, पिठाच्या डब्याला, नवऱ्याच्या केसांना होता. आता रॉकेल मिळत नाही. दत्ताकडं फवाऱ्याचा डबा आहे, त्याला दवाखान्यासारखा वास येतो. मी बाजेवर लसूण सोलत बसले होते. वासानं मला काही आठवलं नसतं. पण दत्ता आत गेला आणि कोपऱ्यातला लांब पाईप ओढत बाहेर आला. पाईप उंबऱ्याच्या दगडावर आपटला. तो आवाज ऐकला आणि माझ्या पायाच्या तळव्यांना गार लागलं.

तो पाईप बोअरचा आहे. कुणाची तरी बोअर कोरडी गेली तेव्हा काढलेला. माझ्यापेक्षा उंच. एका टोकाला ठोकून जरा चपटा केलेला, म्हणजे पान्याच्या दांड्यावर घट्ट बसतो. नट जाम असला की पाना लावायचा, पान्यावर पाईप चढवायचा आणि पाईपच्या टोकावर वजन द्यायचं. नवऱ्याला दोन्ही हातांनी पाना नटावर दाबून धरावा लागायचा, नाहीतर तो निसटून नटाचे कोपरे खातो. मग वजन द्यायला दुसरं माणूस पाहिजे. आमच्याकडं नोकर नव्हता. मी होते.

लग्न होऊन मी पालीहून इथं आले तेव्हा गॅरेज म्हणजे वर पत्रा आणि तीन बाजूंना तट्ट्या. समोर रस्ता, रस्त्याला वडाची झाडं. बीडकडून येणारी गाडी दिसायच्या आधी झाडांतले पक्षी उडायचे. ती झाडं रस्ता रुंद करताना तोडली, आणि मग रुंद केलेला रस्ताच कुणी वापरेना.

पहिल्यांदा पाईपवर उभी राहायला सांगितलं तेव्हा मी नको म्हणाले. हत्याराला पाय कसा लावायचा? खंडेनवमीला त्याच हत्यारांना हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात, नारळ फोडतात. माझ्या सासूनं त्याच्यावर उपाय सांगितला. आधी पाईपच्या पाया पडायचं, मग पाय द्यायचा. तेव्हापासून आमच्या घरात तशी रीतच झाली. वाकून पाईपला हात लावायचा, हात कपाळाला लावायचा, पदर खोचायचा आणि वर चढायचं. पत्र्याच्या वाशाला एक दोर बांधलेला होता, तो धरायचा.

नवरा बोलायचा कमी. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. तो खाली उकिडवा बसून पाना धरायचा आणि मला म्हणायचा, "उडी मारू नको. जड हो."

जड हो म्हणजे काय ते मला शिकायला वेळ लागला. अंगातला श्वास सोडायचा, गुडघे सैल करायचे, आणि सगळं अंग तळव्यात उतरू द्यायचं. उडी मारली की पाना निसटतो. जड झालं की नट आपोआप हार खातो. आधी काहीच होत नाही. मग पाईप थोडा वाकतो. मग एकदम खालून आवाज येतो, हाड मोडल्यासारखा, आणि पाईप वीतभर खाली बसतो. नवरा वर न बघता म्हणायचा, "उतर."

उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाईपला ओलं पोतं गुंडाळून उभी राहायचे. पावसाळ्यात चिखलात जॅक रुतायचा आणि जॅकखाली फळकुट धरायला मीच. पण खरं काम दसऱ्याच्या आधी. ऊसतोडीची माणसं निघायच्या आधी सगळ्या ट्रकवाल्यांना चाकं, ब्रेक बघून घ्यायचे असायचे. आणि दिवाळी झाली की ते ट्रक भरून निघायचे. वर बायका, पोरं, भांडी, कोंबड्या, एखादी शेळी. काही बिघडलं तर आमच्या दारात थांबायचे. त्या बायका उतरून तीन दगडांची चूल मांडायच्या. डिझेलच्या वासात भाकरीचा वास मिसळायचा. ठेचा वाटायला माझाच दगड मागायच्या. कितीजणी पोटुशा असायच्या. ट्रकच्या चाकावर पाय देऊन, फळी धरून वर चढायच्या, आणि वरून कुणीतरी हात द्यायचं. मी बघायचे. त्यात बघण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

ड्रायव्हर लोकांना मी पाईपवर उभी राहिलेली बघायला मजा वाटायची. एकजण नवऱ्याला म्हणाला, "मिस्त्री, तुझी मशीन लई भारी हाय बे. ऑइल कोणतं टाकतो?" नवऱ्यानं त्याचा ट्रक संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, आणि मागून आलेल्या माणसांची कामं आधी केली.

दत्ताला हे सगळं गोष्टीसारखं माहीत आहे. तो लहान होता तेव्हा त्यानं मला पाईपवर पाहिलं आहे. गिऱ्हाइकाला सांगतो, आमच्या मायच्या वजनावर बाबांनी अर्ध्या जिल्ह्याच्या गाड्या खोलल्या. त्याच्या बोलण्यात अभिमान असतो. त्याच्या आधी काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. ते माहीत असलेलं एक माणूस मेलं होतं, आणि दुसरी मी.

आता सुनेबद्दल सांगते, कारण पुढचं तिच्यावर आहे. सून संगीता, अंगानं भरलेली, कामाला चपळ. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोटातलं गेलं. दुसऱ्या वेळी दत्तानं आनंदानं गावभर पेढे वाटले होते, आणि पेढ्यांचे खोके घरात असतानाच ते गेलं. त्यानंतर बायका तिला बघून बोलणं बदलायच्या. हळदीकुंकवाला गेली की ओटी भरताना कुणीतरी उगाच जास्त मूठ टाकायची. ती घरी येऊन ते तांदूळ कोंबड्यांना टाकायची.

यंदा चैत्रात मला कळलं. लसणाच्या फोडणीला ती परसात जाऊन उभी राहायला लागली. मी काही विचारलं नाही. एका दुपारी तीच माझ्याजवळ येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आत्या, कुणाला बोलू नका. यांना सुद्धा न्हाई. तीन महिने होऊस्तोवर तोंडातून काढायचं न्हाई असं ठरवलंय मी."

आमच्याकडं हे आहेच. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही, बोललं की नजर लागते. पण संगीताचं नुसतं रीतीपुरतं नव्हतं. तिनं ते दाताखाली धरून ठेवलं होतं. मी म्हणाले, न्हाई बोलत. आणि बोलले नाही. ती जड घागर उचलायला लागली की मी आधीच उठून उचलायचे, आणि दत्ता म्हणायचा, माय, तुला काय झालंय, कंबर मोडंल. आम्ही दोघी एकमेकींकडं बघायचो नाही.

तर त्या दिवशी सकाळपासून दत्ता नटाशी झगडत होता. समोरचा पंक्चरवाला रफिक मदतीला आला होता. रफिकच्या एका पायात अपघातानंतर सळई घातलेली आहे, त्याला उकिडवं बसता येत नाही की वर चढता येत नाही. पण हातोडी चांगली मारतो. दत्ता पाना धरायचा, रफिक नटाच्या बाजूनं ठोके द्यायचा. नट हालत नव्हता.

रफिक घाम पुसत म्हणाला, "दत्ता, ह्यो नट न्हाई बे. ही सासू हाय. एकदा बसली की बसली."

मी बाजेवरून म्हणाले, "सासू इथंच बसलीय. ऐकू येतंय तिला."

"तुमी न्हाई हो माय. माझी," रफिक म्हणाला. दत्ता हसला. मग त्यानं पाईप पान्यावर चढवला, टोकाला हात लावून पाहिला आणि घराकडं तोंड करून हाक मारली.

"संगीता, जरा ये गं भायेर."

ती पिठाचे हात पदराला पुसत आली. दत्तानं तिला पाईप दाखवला. म्हणाला, "मला पाना धराय लागतो. रफिकभाईचा पाय न्हाई चालत. तू टोकाला उभी ऱ्हा. आमची माय अशीच उभी ऱ्हायची. आधी पाया पड, मग पाय दे. आन उडी मारू नको."

तो अगदी बापासारखा उकिडवा बसला.

संगीतानं माझ्याकडं पाहिलं. फक्त एकदा. त्या बघण्यात विनवणी नव्हती. मी बोलेन ही भीती होती. तिला वाटत होतं पाईपपेक्षा बोलण्यानं जाईल. तिनं वाकून पाईपला हात लावला, हात कपाळाला लावला, आणि एक पाय वर ठेवला.

मला त्या वेळी माझी सासू दिसली. तेव्हा पण दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. सीताफळं पिकायला लागली होती, गॅरेजच्या मागं टोपल्यात कडब्यात झाकून ठेवलेली, आणि त्यांचा गोड वास सगळीकडं ऑइलच्या वासावर बसलेला. मला पहिल्यांदाच दिवस गेले होते. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, तोंडातून काढायचं नाही असं सासूनंच बजावलं होतं. एका ट्रकचा नट जाम झाला. नवऱ्यानं हाक मारली. सासू तिथंच सुपात ज्वारी पाखडत बसली होती. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मग खाली सुपात पाहिलं. सूप जोरानं हलवलं. कोंडा उडाला.

मी पाया पडले आणि चढले. जड झाले. पाना निसटला, पाईप खाली गेला आणि मी बसत्या अंगानं जमिनीवर आले. नवऱ्यानं विचारलं, लागलं का? मी म्हणाले, न्हाई. माती झटकली आणि परत चढले. दुसऱ्या वेळी नट खुलला. ट्रक गेला.

पुढच्या आठवड्यात माझं गेलं. परसात, कडब्याच्या गंजीमागं. सासूनं पाणी तापवलं, ओव्याची धुरी दिली, कापड पुरलं. कुठं पुरलं ते मी विचारलं नाही. नवऱ्याला तिनं सांगितलं, हिला पाळी जड गेलीय, चार दिवस पाईपवर घेऊ नको. त्यानं घेतलं नाही. पाचव्या दिवशी मी उभी राहिले. काम होतं. सीताफळांचा वास मात्र मला त्यानंतर कधी सहन झाला नाही. आमच्या डोंगरात सगळीकडं सीताफळं आहेत. लोक दुरून येऊन नेतात. मी दरवर्षी तो महिना नाकाला पदर लावून काढते.

दत्ताच्या वेळी मी कुणाला काही न सांगता पालीला माहेरी गेले आणि पोर हातात घेऊनच आले. सासू त्यानंतर बरीच वर्षं जगली. मी तिला वेळेवर जेवू घातलं, न्हाऊ घातलं. बोलायचं तेवढं बोलले. ती गेली तेव्हा बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, मी उभी राहिले. मला आयुष्यभर माहीत होतं, माझं मूल कुणामुळं गेलं. त्या सुपात बघणाऱ्या म्हातारीमुळं गेलं. ती एक शब्द बोलली असती तर ते आज चाळिशीला आलं असतं.

आणि आता मी बाजेवर होते, मांडीवर लसूण.

मी म्हणाले, "संगीता, खाली उतर."

दत्ता म्हणाला, "थांब माय, आत्ता पाना बसलाय."

"दत्ता, सोड तो पाना. तिला दिवस हायेत."

रफिकनं हातोडी जमिनीवर ठेवली. तोंड फिरवलं, आणि लंगडत रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेला. दत्ता तसाच बसून राहिला, पान्यावर हात ठेवून. आधी त्याला कळलं नाही, मग कळलं, आणि त्याच्या तोंडावर आनंद आला. तो आनंद बघून संगीताचं तोंड पडलं. तिनं पाईपवरून पाय काढला आणि आत गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

संध्याकाळी ती चुलीपुढं बसली होती. मी दारात उभी राहिले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, तुमी शब्द दिलता."

"दिलता."

"मी अल्लाद उभी राहिले असते. जोर न्हाई लावला असता."

"अल्लाद उभं ऱ्हाऊन नट खुलत न्हाई," मी म्हणाले.

तिनं भाकरी परतली.

नट दत्तानं शेवटी फोडला. दुसऱ्या गॅरेजवरून ड्रिल मशीन आणलं, नटाच्या बाजूला भोकं पाडली आणि छन्नीनं दोन तुकडे केले. आतले आटे तांबड्या पिठासारखे गळून पडले. बीडहून नवा नट आला. सकाळी गाडी झेंडूच्या माळा घालून वडवणीला गेली. परतताना दत्तानं संगीतासाठी मोसंबी आणली. पेढे आणले नाहीत, तेवढं त्याला कळलं. पण गावाला कळायला पेढे लागत नाहीत. रफिकची बायको पदराखाली कैऱ्या घेऊन आली, झाडावरून नुकत्याच काढलेल्या, देठाला चीक असलेल्या. संगीतानं त्या घेतल्या, बसा म्हणाली, चहा केला. ती गेल्यावर कैऱ्या धान्याच्या कोठीमागं ठेवल्या. एक पण कापली नाही. त्या तिथंच पिवळ्या पडल्या.

दत्ता घागरी भरायला लागला. तिला खाली वाकू देईना. रोज सकाळी उठला की तिच्या तोंडाकडं बघायचा. ती त्याला म्हणायची, असं बघू नका. लिंबाला मोहर येऊन गेला होता, बारीक लिंबोळ्या धरल्या होत्या. टँकर यायचा, बाया भांडी घेऊन पळायच्या, संगीता दारात उभी राहून बघायची आणि मग आत जायची.

मृग लागायच्या आत गेलं. पाऊस नव्हता, नुसता वारा होता. ती पहाटे उठली आणि दत्ताला हाक न मारता आधी मला हाक मारली. मी उठून बसायच्या आधीच मला कळलं होतं. दत्तानं तीच पांढरी गाडी काढली. मागच्या सीटवर मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. चाक मात्र नीट फिरत होतं. आवाज नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीण होती, वयानं लहान. तिनं सगळं तपासलं आणि बाहेर येऊन दत्ताला नीट समजावून सांगितलं. अशा सुरवातीच्या दिवसांत बऱ्याचदा मूल आतूनच नीट धरत नाही, त्याला कुणी काही केलेलं नसतं. पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. दत्ता मान हलवत होता. मी आत गेले. संगीता पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. डॉक्टरीण आत आली तेव्हा मी तिला विचारलं.

"बाई, पाईपवर उभं ऱ्हायलं तर जातं का?"

ती म्हणाली, कोणता पाईप? मी सांगितलं. नटाचं, पडल्याचं, पुढच्या आठवड्याचं. तिनं सगळं ऐकून घेतलं, घाई केली नाही. विचारलं, किती दिवसांचे होते? मी बोटांवर सांगितलं. मग म्हणाली, आजी, इतक्या लवकर तेवढ्याशा पडण्यानं बहुतेक जात नाही. ते जाणारच असेल. आता नक्की कुणीच सांगू शकणार नाही.

मी बाहेर येऊन बाकावर बसले. समोर कुणाचं तरी पोर बिस्किट खात होतं. मला राग आला. डॉक्टरणीचा नाही, कशाचा ते कळलं नाही. इतकी वर्षं मी एक गोष्ट उचलून चालले होते, आणि ती माझ्या हातातून कुणीतरी काढून घेतली आणि बदल्यात काही दिलं नाही. माझी सासू डोळ्यांपुढं आली, सुपात बघणारी. ती काय बघत होती? कदाचित तिचं पण कधी गेलं असेल. कदाचित नुसती ज्वारीतले खडे बघत असेल. आता विचारायला ती नाही.

घरी आल्यावर संगीता चार दिवस पडून राहिली. मी खिचडी करून तिच्याजवळ ठेवायचे, ती मी गेल्यावर खायची. एका दुपारी ती आईशी फोनवर बोलत होती. दार उघडं होतं, मी ओट्यावर होते. ती म्हणाली, "तिसरा म्हैना लागला व्हता, आई. आत्यांनी बोलून दाखवलं म्हणून गेलं." मग रडली. फोनमधून तिची आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

दत्तानं पण ते ऐकलं. तो चिडून तिच्याकडं निघाला. मी त्याला दारात अडवलं.

"डॉक्टरीण एवढं सांगून बी?" तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे. बोलू दे तिला."

"तुझ्यावर का म्हणून?"

"मग कुणावर बोलंल ती? मी हाय की."

तो पाना घेऊन बाहेर गेला. दिवसभर काहीच न बिघडलेल्या गाडीखाली झोपून होता.

मी खरं तेच बोलले होते. तिला बोलायला कुणीतरी होतं, समोर, हातापायानं धड, तिच्या तव्यावरची भाकरी खाणारं. मला पण तसं कुणी होतं म्हणून मी उभी राहिले. सासूवरचा राग होता म्हणून मी पाचव्या दिवशी पाईपवर चढले, नाहीतर कुठं आडवी झाले असते कोण जाणे. तो राग खरा होता की खोटा, हे मला आता या वयात दवाखान्याच्या बाकावर कळावं, यात काही अर्थ नाही. पण कळलं. कळलं म्हणजे, माहीत होतं ते गेलं.

परवा दुपारी मी लिंबाखाली बाजेवर बसले होते. लिंबोळ्या पिकून पडायला लागल्या आहेत, पांढऱ्या गाडीच्या टपावर टपटप वाजतात. संगीता बाहेर आली. हातात काही काम नव्हतं. बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली, माझ्याकडं पाठ करून.

मग ती म्हणाली, "दवाखान्यात मी ऐकत व्हते. तुमचं बी गेलतं."

"गेलतं."

"कावून गेलं? कशानं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ चाळीस वर्षं तयार होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून दिलं नव्हतं. ते तोंडापर्यंत आलं सुद्धा. पाईप, आणि ती म्हातारी.

"म्हाईत न्हाई," मी म्हणाले.

तिनं मान जरा वळवली. "मग मला कावून उतरवलं?"

"तवा वाटत व्हतं, म्हाईत हाय."

समोर रफिकच्या दुकानात हवा भरायचं मशीन सुरू झालं, थोडा वेळ चाललं आणि बंद पडलं. एक लिंबोळी तिच्या मांडीवर पडली, ती तिनं झटकली. मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही.